धाराशिव प्रांतांतील एक परीक्षा

धाराशिव जिल्ह्याचें नांव निघालें म्हणजे आपल्याकडील बहुतेक घरांत तुळजापुराची आठवण होते. लग्नकार्यानंतरचें दर्शन, गोंधळ, नवस अशा निमित्तानें आपण तेथें जातों, देवळाच्या पायऱ्या उतरतों, कल्लोळतीर्थावर हातपाय धुतों आणि देवीची ओटी भरून झाली कीं सोलापूरची गाडी गांठतों. उत्साह अधिक असला तर नळदुर्गचा किल्ला व त्यांतील पाणी-महाल. भूम, परंडा, वाशी, कळंब, लोहारा, उमरगा या तालुक्यांकडे यात्रेकरूचें पाऊल सहसा वळत नाहीं. बालाघाटाचें उघडें पठार, ज्वारी-तुरीचीं शेतें, पावसानें पाठ फिरविली कीं कोरडे पडणारे ओढे, असा हा मुलूख आहे. निसर्गशोभेच्या शोधांत निघालेल्या प्रवाशानें येथें न आलेलेंच बरें. गेल्या माघांत मीं येथें आठ दिवस घालविले, ते एका वैद्यकीय प्रयोगाचा माग काढीत.

२००९ सालच्या एप्रिल महिन्यांत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकन नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध झाला. गर्भाशयाच्या मुखाशीं होणाऱ्या कर्करोगाचें कारण प्रयोगशाळेंत रेणूंच्या साह्यानें शोधतां येतें, हें तोंवर ठाऊक झालें होतें. पण अशी परीक्षा आयुष्यांत एकदां केल्यानें स्त्रियांचे प्राण खरोखर वांचतात काय, या प्रश्नास मृत्यूंची मोजदाद करून उत्तर देणारा तो पहिला निबंध होय. तें उत्तर या जिल्ह्यांतील १,३१,७४६ स्त्रियांनीं मिळवून दिलें. जिल्ह्याचें नांव त्या वेळीं उस्मानाबाद होतें. निजाम मीर उस्मान अलीखान यांच्यावरून पडलेलें तें नांव २०२३ सालीं जाऊन धाराशिव हें जुनें नांव पुनः आलें. वैद्यकाच्या वाङ्मयांत मात्र हा प्रयोग उस्मानाबादच्याच नांवानें ओळखला जातो.

या विषयाकडे माझें लक्ष वेधण्यास एक घरगुती कारण आहे. माझी एक आत्या परंड्यास दिली होती. १९७४ सालीं, वयाच्या पंचेचाळिशीच्या आंतबाहेर, ती याच रोगानें गेली. मी तेव्हां शाळकरी होतों. “बायकांचें दुखणें आहे” एवढेंच मोठ्यांच्या बोलण्यांतून कानीं येई. रक्तस्राव वर्षभर चालू असतांहि तिनें तो कोणास सांगितला नव्हता. सासरीं दिरांसमोर असल्या गोष्टींचा उच्चार कसा करावा! अखेर जेव्हां तिला शहरांतील एका दवाखान्यांत नेलें, तेव्हां डॉक्टरांनीं काकांस बाजूला बोलावून घेतलें. पुढें दोन महिन्यांत सर्व आटोपलें. एकत्र कुटुंबांत आठ-दहा माणसें भोंवतीं असूनहि एखादें दुखणें किती एकाकी असूं शकतें, तें मला पुष्कळ वर्षांनंतर उमगलें.

पुण्याहून रेल्वेनें कुर्डुवाडी आणि तेथून बार्शी. कुर्डुवाडी-बार्शी हा अरुंद रूळमार्ग कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें १८९७ सालीं सुरू केला व तो पुढें लातुरापर्यंत गेला. आतां त्याच वाटेनें रुंद रुळांवरून मोठ्या गाड्या धांवतात. बार्शी हें गांव सोलापूर जिल्ह्यांत मोडतें, परंतु परंडा-भूमकडील शेतकऱ्याची बाजारपेठ, न्यायालयाबाहेरील सल्ला आणि दवाखाना पूर्वापार येथेंच. १९४८ पूर्वीं मध्यें निजामाच्या राज्याची हद्द होती; तरीहि धान्याच्या गाड्या आणि आजारी माणसें इकडेच येत. भगवंताच्या देवळासाठीं प्रसिद्ध असलेल्या या गांवीं १९८१ सालीं कर्करोगानेंच निवर्तलेल्या अभिनेत्री नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ एक कर्करोग रुग्णालय उभें आहे. आपल्या कथेचें मुख्य स्थान तेंच.

या रुग्णालयानें मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साह्यानें १९८७ सालापासून एक नोंदवही चालविली आहे. बार्शी, परंडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गांवांत कोणास कर्करोग झाला, कोणत्या अवयवाचा, कोणत्या अवस्थेंत सांपडला, रोगी जगला कीं वारला, याची ती नोंद. ग्रामीण भागासाठीं अशी नोंदवही आपल्या देशांत ही पहिलीच. शहरांतील नोंदवहीचें काम सोपें, कारण रोगी दवाखान्यांत येतो. येथें रोगी येतच नसे. म्हणून नोंद घेणारे कार्यकर्तेच गांवोगांवीं हिंडले, चावडीवर बसले, पाटलाशीं व शाळामास्तरांशीं बोलले. (आमच्या व्यवसायाची शास्त्राला अशीहि मदत होते, हें वाचून मला बरें वाटलें.) यांतून दोन गोष्टी कळल्या. एक, येथील स्त्रियांत सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग गर्भाशयमुखाचा होता. दुसरी अधिक कुतूहलाची: केवळ हे लोक येऊन चार शब्द बोलूं लागले, रोगाचीं लक्षणें सांगूं लागले, एवढ्यानेंच कांहीं वर्षांत पूर्वींपेक्षां अधिक स्त्रिया लौकर अवस्थेंत रुग्णालयीं येऊं लागल्या. औषध नाहीं, यंत्र नाहीं, केवळ उच्चार. माझ्या आत्याजवळ कमी पडला होता तोच.

येथें थोडें शब्दांविषयीं. कर्करोग हा शब्द आपल्या प्राचीन वैद्यकांतला नव्हे. सुश्रुतांत ‘अर्बुद’ आहे. ग्रीक वैद्यांनीं या गांठीस खेंकड्याची उपमा दिली, तिचें लॅटिन रूप कॅन्सर, आणि त्याचें आपण केलेलें भाषांतर कर्करोग. ‘पेशी’ शब्दाचीहि अशीच कथा. सुश्रुत शरीरांत पांचशें पेशी मोजतो, त्या मांसाच्या. आजच्या अर्थानें जिला आपण पेशी म्हणतों ती सूक्ष्मदर्शकाखालींच दिसते, आणि माणसाच्या देहांत तिची संख्या तीस लक्ष कोटींच्या घरांत जाते. धाराशिवकडील बायकांना या दोन्ही शब्दांशीं कर्तव्य नाहीं. त्या म्हणतात ‘पिशवीचं दुखणं’. पिशवी म्हणजे गर्भाशय. पिशवी दुखते, पिशवी उतरते, आणि पुष्कळदां तरुण वयांतच, गरज असो वा नसो, पिशवी काढून टाकली जाते. शेजारच्या बीड जिल्ह्यांत ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची २०१९ सालीं सरकारला चौकशी करावी लागली, तें वाचकांस स्मरत असेल.

या रोगाचें मूळ एका विषाणूंत आहे, ही गोष्ट जर्मनींतील हाराल्ड त्सुर हाउझेन यांनीं दाखविली. ह्यूमन पॅपिलोमा नांवाच्या विषाणूंचे शंभरांहून अधिक प्रकार असून बहुतेक निरुपद्रवी, कांहीं केवळ चामखीळ उठविणारे. त्यांतील १६ व १८ क्रमांकांचे प्रकार त्यांच्या प्रयोगशाळेंत १९८३ व १९८४ सालीं गर्भाशयमुखाच्या कर्करोगांत सांपडले, आणि २००८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. विषाणु पेशींत शिरून करतो काय, हेंहि आतां रेणूंच्या पातळीवर उलगडलें आहे. प्रत्येक पेशींत वाढीवर नियंत्रण ठेवणारीं प्रथिनें असतात. पी-५३ या नांवाचें एक, आनुवंशिक सूत्रांत बिघाड झाला कीं पेशीचें विभाजन थांबवितें आणि बिघाड दुरुस्त होत नसेल तर पेशीस मरावयास लावतें. आर-बी नांवाचें दुसरें, योग्य वेळ येईपर्यंत विभाजन सुरूच होऊं देत नाहीं. विषाणूचें ई-६ नांवाचें प्रथिन पहिल्याचा नाश घडवून आणतें व ई-७ दुसऱ्यास निकामी करतें. मग पेशी विभागत सुटते, चुका सांचत जातात, आणि त्यांना अडविणारें कोणी उरत नाहीं.

दोन गोष्टी मुद्दाम सांगावयाच्या. हा विषाणु शरीरसंबंधांतून येतो, परंतु तो इतका सार्वत्रिक आहे कीं, त्याच्यावरून कोणाच्याहि आचरणाविषयीं तर्क करणें हें शुद्ध अज्ञान होय. सदाचारी संसारांतहि तो असतो. आणि तो आला म्हणजे रोग झाला असें नव्हे. बहुतेक स्त्रियांचें शरीर एक-दोन वर्षांत त्याला आपोआप घालवून देतें. ज्या थोड्यांच्या ठायीं तो ठाण मांडतो, त्यांच्यांतहि कर्करोग होण्यास सामान्यतः दहा ते वीस वर्षें लागतात. इतका मोठा अवकाश देणारे कर्करोग फार नाहींत.

याच रोगाशीं एका मराठी विदुषीचा दूरचा संबंध येतो. १९५१ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गांठींतून, तिला न विचारतां, पेशी घेण्यांत आल्या. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत त्या कांचेच्या नळींत वाढल्या. ती बाई त्याच वर्षीं वारली, पण तिच्या पेशी आजहि जगांतील प्रयोगशाळांत वाढत आहेत, आणि त्यांतहि पुढें १८ क्रमांकाचा विषाणु आढळला. त्याच गाय यांच्याकडे पेशी बाहेर वाढविण्याची विद्या शिकून आपल्या पुण्याच्या, हुजूरपागेंत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे मुंबईस परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत त्यांनीं ऊति-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. धाराशिवच्या प्रयोगाशीं त्यांचा प्रत्यक्ष संबंध नाहीं. परंतु अशा विद्येचें बीज महाराष्ट्रांत कोणीं आणलें, हें आपल्या मुलींस ठाऊक असावें.

आतां मूळ प्रयोग. बार्शीचे डॉ. भगवान नेने, टाटा केंद्राचे डॉ. सुरेंद्र शास्त्री, फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन् व त्यांचे सहकारी यांनीं १९९९ च्या ऑक्टोबरांत तो सुरू केला. द्रव्यसाह्य अमेरिकेंतील गेट्स प्रतिष्ठानाचें. जिल्ह्यांतील गांवांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें, कोणाच्याहि इच्छेवर न सोडतां, ते चार भागांत वांटले. ३० ते ५९ वर्षांच्या निरोगी स्त्रिया तेवढ्या घ्यावयाच्या. पहिल्या भागांत विषाणूची रेणुपरीक्षा. दुसऱ्यांत पापानिकोलाउ या ग्रीक शास्त्रज्ञाच्या पद्धतीनें पेशी कांचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें. तिसऱ्यांत गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरांतील व्हिनेगारचेंच द्रव्य, लावून पांढरा डाग उठतो काय तें परिचारिकेनें डोळ्यांनीं पाहणें. चौथ्या भागांत परीक्षा नाहीं. रोगाची माहिती द्यावयाची आणि तपासणी हवी असल्यास कोठें जावें तें सांगावयाचें.

रेणुपरीक्षेचें तंत्र मला अत्यंत रमणीय वाटलें, म्हणून तें थोडें विस्तारानें देतों. लहानशा कुंचल्यानें गर्भाशयमुखावरील पेशी टिपून एका द्रवांत ठेवतात व नळी बार्शीस प्रयोगशाळेंत येते. तेथें क्षार घालून पेशी व विषाणु फोडतात. विषाणूचें आनुवंशिक द्रव्य, ज्यास डी.एन.ए. म्हणतात, तें दोन धाग्यांचा पीळ असतो. क्षारानें तो पीळ उलगडतो व धागे सुटे होतात. मग त्यांत तयार केलेले दुसऱ्या जातीचे, म्हणजे आर.एन.ए.चे, धागे सोडतात. १३ घातक प्रकारांपैकीं एखाद्याचा धागा तेथें असेल तर हे त्याच्याशीं अक्षराला अक्षर जुळवून घट्ट बिलगतात. नसेल तर तसेच तरंगत राहतात. पात्राच्या भिंतीवर अशा मिश्र जोड्यांनाच पकडणारीं प्रतिद्रव्यें लावलेलीं असतात. बाकीचें सर्व धुऊन टाकल्यावर जोडी तेवढी भिंतीला राहते, तिच्यावर एक विकर चिकटवितात, आणि शेवटीं असें रसायन घालतात कीं जें त्या विकराच्या स्पर्शानें प्रकाशूं लागतें. हा प्रकाश डोळ्यांस न दिसण्याइतका मंद; यंत्र तो मोजतें. उजेड ठराविक मर्यादेच्या वर गेला तर विषाणु आहे. व्याकरणाच्या विद्यार्थ्यास यांत संधि आणि सवर्ण यांचीच आठवण व्हावी. सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या माणसाचा डोळा थकतो, डाग पाहणारीची पारख कमीअधिक असते. येथें पारख धाग्यांचीच धाग्यांस.

पण नळी बार्शीस येण्याआधीं एक बाई उठून यावी लागते. बोलावलेल्यांपैकीं दहांत सुमारें आठ आल्या, ही गोष्ट मला त्या यंत्राहून कमी नवलाची वाटत नाहीं. भूम तालुक्यांतील एका खेड्यांत, जेथें खव्याच्या भट्ट्यांचा धूर सकाळपासून दरवळत होता, अशा एका आजीबाईंशीं बोलणें झालें. माझ्या सोबत त्यांच्या ओळखीची एक आशा कार्यकर्ती होती, म्हणूनच त्या बोलल्या. “आदी लाज वाटली बगा, गुर्जी,” त्या म्हणाल्या, “पर ती बाई आमच्यावानीच लुगड्यातली. घरी आली, च्या पेली, समजून सांगितलं. मंग आमी सात जणी मिळून गेलो. येकटी कोण जातंय!” विषाणु म्हणजे काय तें त्यांस सांगतां आलें नाहीं, मात्र आपल्याबरोबरच्या कोणास पुढें बार्शीस नेऊन “जाळून घेतलं” व ती आज नातवंडें खेळवीत आहे, हें त्यांनीं बोटानें घर दाखवून सांगितलें. सांपडलेला दूषित भाग गोठवून किंवा तारेनें कापून काढतात, त्याला त्यांचा हा शब्द.

दुसऱ्या एका गांवीं, परंड्याच्या वाटेवर, ऐकलें तें निराळें होतें. “आमच्याकडं नावं लिहून गेले, माहिती सांगितली. तपासायला कुणी बसलं न्हाई. पल्याडच्या गावात बसले म्हणं.” बोलणाऱ्या बाईच्या स्वरांत तक्रार नव्हती. सरकारी माणसें येतात, लिहून नेतात, हें तिला अंगवळणी पडलेलें होतें. तें गांव चौथ्या भागांतलें असावें.

सुमारें आठ वर्षांनंतरची मोजणी अशी. रेणुपरीक्षेच्या भागांत ३४,१२६ स्त्रिया. त्यांत १२७ जणींस हा कर्करोग आढळला, पैकीं ३९ जणींचा दुसऱ्या किंवा पुढच्या अवस्थेंत. परीक्षा न झालेल्या भागांत ३१,४८८ स्त्रिया. ११८ जणींस रोग, पैकीं तब्बल ८२ जणींचा पुढच्या अवस्थेंत. रोगी जवळजवळ तेवढ्याच, मग फरक तो काय, असें वरवर पाहणारा म्हणेल. फरक सांपडण्याच्या वेळेंत आहे. पहिल्या भागांत मृत्यु ३४, शेवटच्यांत ६४. प्रमाण सुमारें निम्मे. पेशी पाहण्याच्या व आम्लाच्या परीक्षेनें मृत्यूंत म्हणण्यासारखी घट येथें दिसली नाहीं. (मुंबईच्या वस्त्यांत मात्र आम्लाची परीक्षा दोन-दोन वर्षांनीं चारदां केल्यावर मृत्यु ३१ टक्क्यांनीं घटल्याचें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां तिला निरुपयोगी म्हणूं नये.) एक आंकडा मला सर्वांत बोलका वाटतो: “तुला कांहीं नाहीं” असें सांगून घरीं पाठविलेल्या स्त्रियांत पुढें रोग होण्याचें प्रमाण दर लाखीं वर्षाला आम्लाच्या परीक्षेनंतर १६, पेशींच्या परीक्षेनंतर १५.५, आणि रेणुपरीक्षेनंतर ३.७.

आतां त्या ६४ जणी. त्यांना परीक्षा कां दिली नाहीं, असा प्रश्न पुढें परदेशांतील व आपल्याकडील कांहीं वैद्यांनीं विचारला, आणि तो कठोर शब्दांत विचारला. करणारांचें उत्तर असें कीं, त्या जिल्ह्यांत त्या वेळीं कोणासच परीक्षा मिळत नव्हती. त्यांच्यापासून कांहीं काढून घेतलें नाहीं. आणि तुलनेसाठीं असा भाग नसता तर निष्कर्षच निघाला नसता. तर्क म्हणून हें उत्तर पक्कें आहे, आणि त्या तुलनेवांचून जगाची खात्री पटली नसती हें मी मान्य करतों. परंतु जेथें पूर्वीं कांहीं नव्हतें म्हणून कांहीं न देणें क्षम्य ठरतें, तेथें ‘कांहीं नव्हतें’ हा दोष कोणाचा? श्रीमंत देशांतील स्त्रियांवर परीक्षेवांचूनचा असा भाग त्या काळीं कोणी ठेवूं धजला नसता, कारण तेथें पॅप परीक्षा रूढ होती. डॉक्टरांनीं प्रयोग करूं नये होता, असें मी म्हणत नाहीं. त्या गांवांचें ऋण झालें आहे, असें म्हणतों. आणि तें एकट्या डॉक्टरांवर नाहीं.

तें कितपत फिटलें? ऑस्ट्रेलिया व नेदरलंड्स यांनीं २०१७ सालीं आपल्या राष्ट्रीय तपासणींत रेणुपरीक्षा आणली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं तीच परीक्षा प्रथम पसंतीची म्हणून सांगितली. आपल्या सरकारनें २०१६ सालीं जो तपासणीचा आराखडा काढला, त्यांत ३० वर्षांपुढील स्त्रियांसाठीं आम्लाचीच परीक्षा घातली, कारण ती स्वस्त, आणि तिला प्रयोगशाळा लागत नाहीं. कारण समजतें. तरीहि बार्शीहून परंड्याकडे जातांना तें मनांत सलत राहतें.

या मुलखानें आणखी एक गोष्ट जगास दिली. २००९ सालीं देशांतील नऊ ठिकाणीं मुलींना याच विषाणूविरुद्ध लस देऊन पाहण्याचें काम निघालें, त्यांत बार्शी एक होतें. २०१० सालीं दुसऱ्याच एका उपक्रमाच्या गदारोळांत सरकारनें लस टोंचणें थांबविलें, आणि हजारों मुलींस ठरलेल्या मात्रांऐवजीं एकच मात्रा मिळून राहिली. संशोधकांनीं त्यांचा पिच्छा सोडला नाहीं. दहा वर्षांनंतर, २०२१ सालीं, दिसून आलें कीं विषाणु ठाण मांडूं न देण्याच्या कामीं एक मात्राहि दोन-तीन मात्रांच्या बरोबरीची ठरते. २०२२ अखेर जागतिक आरोग्य संघटनेनें एका मात्रेस मान्यता दिली, आणि कित्येक गरीब देशांचा लसीचा खर्च त्यामुळें निम्म्यावर आला. त्याच वर्षीं आपल्या पुण्याच्या सीरम संस्थेच्या लसीसहि परवानगी मिळाली. पण लस मुलींसाठीं; ज्यांचें वय पुढें गेलें त्यांना परीक्षाच.

हा मजकूर संपादकांकडे धाडण्यापूर्वीं मीं घरांत वाचावयास दिला. विषय असा कीं सुनांशीं मीं स्वतः बोलणें अवघड. सौ. नें तो दुपारीं माजघरांत मोठ्यानें वाचला. सायंकाळीं तिनें मला एवढेंच विचारलें, “ही परीक्षा पुण्यांत होते का, आणि कितीदां करावी लागते?” होते, तिशीनंतर सुरू करून पांच ते दहा वर्षांनीं एकदां, नमुना आतां स्त्रीस स्वतःहि घेतां येतो. तिनें कागदावर दोन्हीं सुनांचीं नांवें व वयें लिहिलीं, मग थोडें थांबून, खालीं आपलेंहि.